आधी काटा, मंग नारळ

सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर चहाची टपरी आहे. तिथं श्रावण मिस्त्री बाकावर बूड टेकतो न टेकतो तोच कोणीतरी विचारतं, "मिस्त्री, चिंध्या मोजल्या का?"

"मोजल्या," मिस्त्री म्हणतो आणि बशीत चहा ओततो.

विचारणारे बदलतात. कधी राईस मिलचा हमाल, कधी ऑटोवाला, कधी वॉर्डातलं कोणी रिकामटेकडं. प्रश्न तोच, उत्तर तेच. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, असेल काही धंद्यातली बात. धंद्यातली नाही, टोमणा आहे. गावानं जपून ठेवलेला, रोज पुसून लख्ख केलेला. आणि तो मिस्त्रीला लागत नसेल, असंही कोणी समजू नये. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात इंजिनात कापसाचा धागा राहू दिला नाही, त्याच्याच गळ्यात चिंधी अडकली.

श्रावण रामटेके ट्रकची इंजिनं बांधतो. घासून गेलेलं, जाम झालेलं इंजिन सुटं करायचं, नवे लायनर, पिस्टन, बेरिंगा घालायच्या आणि परत उभं करायचं. नागभीड रस्त्याला त्याचं टिनाचं शेड आहे. शेडात एका फळीवर हातभर बुद्धमूर्ती, खाली पान्यांची रांग, आणि खिळ्याला बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेल्या चिंध्या. त्या चिंध्या म्हणजे त्याच्या बायकोची, कांताबाईची जुनी लुगडी. काठ फाडून बाजूला, कारण काठाचा धागा सुटतो. मधलं मऊ कापड तेवढं मिस्त्रीला. "माह्यापेक्षा माह्या लुगड्याले जास्त मान हाय या घरात," असं कांताबाई नळावर सगळ्यांसमोर म्हणत असे, आणि ते खोटं नव्हतं. इंजिनाचं चेंबर, म्हणजे खालची तेलाची परात, लावायच्या आधी मिस्त्री सगळ्या चिंध्या जमिनीवर पसरून मोजणार. एक कमी भरली तर जेवण बंद, बोलणं बंद, चिंधी सापडेपर्यंत घरदार शोधात. एकदा एक चिंधी शेजारच्यांच्या बकरीच्या तोंडात सापडली होती. त्या दिवशी बकरीचं नशीब, की मिस्त्रीनं तिला खोलली नाही.

उघड्या इंजिनाजवळ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्याला तो उभा राहू देत नसे. सुपारीचा कण उडाला तर? लोक हसत. "मिस्त्री इंजन बांधते का पोरगी सासरी धाडते?"

"दोनीत नंतर आपला हात जात नाई," मिस्त्री म्हणे, "म्हून आधीच पाहा लागते."

आणि या सगळ्याच्या वर त्याचा एक नियम होता. तो मात्र तालुकाभर माहीत. आधी काटा, मंग नारळ.

झालं असं होतं. श्रावण पोरसवदा असताना चंद्रपूरला एका उस्तादाकडे सामान धुवायला होता. तिथं एका मालकाची गाडी बांधून तयार झाली. मालकानं मुहूर्त काढलेला, हार घातलेला. खणकन नारळ फोडला आणि उस्तादानं सेल्फ मारला. इंजिन धडधडलं. पण समोरच्या ऑइलच्या घड्याळातला काटा जागचा हलला नाही. नव्यानं बांधलेल्या इंजिनात सगळं लोखंड लोखंडाला भिडलेलं असतं; मधे तेलाचा पडदा आला तर ते जगतं. तो पडदा कोणाला दिसत नाही. काटा उठला तर तेल पोचलं, नाही उठला तर आत आग. उस्तादाचा हात बंद करायच्या दांडीकडे गेला आणि चारी बाजूंनी ओरडा झाला, "बंद नका करू! नारळ फुटला हाय! अपशकुन होईल!" उस्ताद थबकला. तेवढंच पुरलं. इंजिननं एक किंकाळी दिली आणि जाम झालं ते झालंच. उस्ताद सगळ्यांसमोर मडगार्डला टेकून बसला. श्रावणला ती किंकाळी अजून ऐकू येते.

तेव्हापासून कोणी मुहूर्त घेऊन आला की मिस्त्री म्हणे, "पंडितजीचा मुहूर्त गाडीले. इंजनाले माहा. काटा उठू द्या, मंग एक नाई, पोतंभर फोडा ना बाप्पा." त्याच्या स्वतःच्या घरी नारळ फुटत नाही. आजोबांच्या वेळेपासून ते सुटलं. पौर्णिमेला विहारात मेणबत्ती लावतात, तेवढंच. पण दुसऱ्याच्या नारळाला त्याची ना नव्हती. फक्त रांगेत त्याचा नंबर दुसरा.

हा नियम मनापासून मानणारा एकच गाडीमालक होता. नानाजी.

नानाजी म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोहाच्या झाडाखालच्या घरातले. धानाची थोडी शेती, पण शेतात रमली ती त्यांची बायको रुखमाबाई. नानाजी रमले गाडीत. सहाचाकी जुनी गाडी, समोर निळ्या रंगात काढलेला मोर. उन्हाळ्यात धानोऱ्याच्या जंगलातून तेंदूपत्त्याची पोती, बाकी वर्षभर धान, तांदूळ, कोणाच्या लग्नाचं वऱ्हाडसुद्धा. वळणावर गाडीचा आवाज आला की रुखमाबाई चुलीवर भात ठेवायची. गाडी अंगणात लागेपर्यंत भाताला उकळी. गावात नवऱ्याची वाट पाहणाऱ्या पुष्कळ, पण नुसत्या आवाजावर तांदूळ मोजणारी ही एकच.

श्रावणनं त्या गाडीचं इंजिन आधीही बांधलं होतं. नानाजी तेव्हा नारळ हातात घेऊन केबिनच्या पायरीवर उभे राहत आणि विचारत, "काटा?"

"उभा हाय, नानाभाऊ."

मग फुटे नारळ. दोघांत एवढंच बोलणं. बाकी दोस्ती चहात आणि गप्प बसण्यात.

मागच्या काही वर्षांत गाडी उभीच राहिली. आधी नानाजींचा श्वास लागायला लागला, मग पाय सुजले, मग चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून त्यांच्या मुलाला, प्रफुलला, बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, हवं ते खाऊ द्या. प्रफुल ऊर्जानगरला कामगारांची बस चालवतो. तो रजा टाकून बापाजवळ आला. ओसरीत बाज टाकली. बाजेवरून समोर अंगणातली गाडी दिसायची; चाकं मातीत बसलेली, मोराच्या पिसाऱ्यावर गंज. इंजिन कधीचं जाम.

भंगारवाला येऊन गाडी पाहून गेला, त्याच दुपारी नानाजींनी श्रावणला बोलावणं धाडलं. तो बाजेशेजारी येऊन बसला. नानाजींना एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागत होतं.

"श्रावण... तिचा आवाज आयकू दे गा मले. एक डाव. मंग भंगारात जावो नाई तं कुठी जावो."

"आयकवतो," श्रावण म्हणाला. एवढं सोपं उत्तर त्यानं आयुष्यात कोणत्याच गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं. शेडातली हातातली कामं त्यानं बाजूला सारली आणि पाने, जॅक, चिंध्यांचं गाठोडं घेऊन तो नानाजींच्या अंगणातच आला. गाडी शेडात ओढत नेली असती तर काम लवकर झालं असतं. पण नानाजींना ऐकायचं होतं, आणि नुसतं ऐकायचं नव्हतं, पाहायचंही होतं. पाना पडला की ते बाजेवरून ओळखत, "बारा-तेराचा पडला." श्रावण खालून म्हणे, "बराबर."

प्रफुल सामान आणायला, उचलायला हाताशी. त्याचा जीव टांगणीला. "भाऊ, होईल ना वेळेवर?" दिवसातून दहादा. वेळेवर म्हणजे कशाच्या आधी, ते कोणी बोलत नव्हतं.

रुखमाबाई मात्र वेगळ्याच आशेवर होती. तिनं मनाशी धरलं होतं, की गाडी चालू झाली की हे उठतील. ती तसं म्हणाली नव्हती. पण धुऊन ठेवलेला नानाजींचा खाकी शर्ट तिनं उशाशी आणून ठेवला होता. मधे एक दिवस ती पहाटेच्या गाडीनं मार्कंड्याला जाऊन आली. महादेवापुढं बसली, अंगारा आणला. नानाजींच्या कपाळाला लावला. उरलेला पदराच्या गाठीत ठेवला.

इंजिन बसलं. चेंबर लावायच्या आधी श्रावणनं अंगणात चिंध्या पसरल्या, मोजल्या. पुरत्या भरल्या. चेंबर लागलं. नवं तेल ओतलं. मग तो चहा प्यायला ओसरीच्या कडेला बसला, तेल खाली बसू द्यावं म्हणून.

चहा झाल्यावर त्यानं इंजिनच्या डोक्यावरचं झाकण उघडंच ठेवलं, डिझेल बंद करायची दांडी प्रफुलला ओढून धरायला लावली आणि सेल्फ मारला. इंजिन चालू न होता नुसतं फिरत राहिलं. ही त्याची पद्धत. डिझेल पेटायच्या आधी तेल पोचलं पाहिजे. थोडं फिरवायचं, थांबायचं, परत फिरवायचं. मग झाकणाखालच्या लोखंडी दांड्यांतून, रॉकरांतून, तेल पाझरायला लागलं, मधासारखं, सावकाश. काटाही थरथरून उठला.

"आलं!" प्रफुल ओरडला. बाजेवर नानाजींनी डोळे उघडले.

एव्हाना कुंपणाबाहेर अर्धं गाव जमलं होतं. आमच्या वॉर्डातलेही होतेच. फुकटचं पाहायला मिळत असेल तर आमच्या वॉर्डाला बोलावणं लागत नाही. रुखमाबाई नारळ घेऊन गाडीपुढं उभी. श्रावणनं झाकण बसवलं, केबिनमध्ये चढला, आणि तिथून ओसरीकडे पाहून मान हलवली.

इंजिन पकडलं. पहिला धूर मोहाच्या झाडात शिरला, पाखरं उडाली, आणि तो आवाज अंगणभर पसरला. जुना, खर्जातला. नानाजींचा हात चादरीवरून वर उचलला गेला. नुसती बोटं, हवेत. कोणीतरी म्हणालं, "आली गा नानाची गाडी!" रुखमाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

श्रावण कोणाकडेच पाहत नव्हता. तो काट्याकडे पाहत होता. काटा अर्ध्याच्या वर गेला. थांबला. मग, जशी कोणी आतून दोरी सोडावी, तसा खाली आला. आणखी खाली. टेकला.

श्रावणनं दांडी ओढली. इंजिन बंद पडलं.

अंगणात असं शांत झालं की नानाजींचा श्वास कुंपणापर्यंत ऐकू आला.

"काय झालं भाऊ?" प्रफुल धावला.

"काटा पडला."

"घड्याळ खराब असंन ना! जुनंच होय थे. आवाज तं मस्त होता!"

"घड्याळ पाहूनच लावलं."

"मंग दोन मिनिटं तरी चालू द्या ना," प्रफुलचा आवाज फाटला. "बाबा आयकून राह्यले, भाऊ. दोन मिनिटांनं काय होते? नंतर तुमी परत बांधा, नाई तं भंगारात जाऊ द्या. आज आयकू द्या ना त्यायले."

कुंपणाबाहेरूनही सूर आला. हो मिस्त्री, चालू द्या ना. मरणाऱ्या माणसाच्या दारात काय काटा पाहता? लोकांचं चुकत नव्हतं. श्रावणलाही ते कळत होतं. त्याचा अंगठा सेल्फच्या बटणावरच होता. दाबला असता तर नानाजींना दोन मिनिटं पुरती मिळाली असती. आणि मग किंकाळी. नानाजींनी शेवटचं ऐकायचं ते काय?

त्यानं अंगठा काढला, खाली उतरला आणि ओसरीकडे गेला. बाजेजवळ उकिडवा बसला.

"काऊन... बंद केला?" नानाजींनी विचारलं.

"काटा पडला, नानाभाऊ."

नानाजींनी छताकडे पाहिलं. लोकांना वाटलं, आता हे रडतील किंवा शिव्या देतील. ते म्हणाले, "मंग बरं केलं."

आणि थोड्या वेळानं, श्वास गोळा करून, "मी हाय. तू पाह."

श्रावण गाडीखाली शिरला. गरम तेल डब्यात सोडलं, चेंबरचे बोल्ट खोलले, आणि चेंबर छातीवर उतरवून घेतलं. वर तेल ओढायची जाळी दिसत होती. जाळीवर एक कापड बसलं होतं, ओल्या पानासारखं चिकटून. सुरुवातीला ते तेलात तळाशी पडून राहिलं असणार. इंजिननं जोरात ओढायला सुरुवात केली तेव्हा उघडत उघडत येऊन जाळीचं तोंडच झाकून बसलं.

त्यानं ते सोलून काढलं. हातात घेतल्याबरोबर कळलं, आपलं नाही. आपल्या चिंध्यांना काठ नसतो. याला लाल काठ होता. एका टोकाला सुटलेल्या गाठीची सुरकुती, आणि सुरकुतीत राखाडी चिखल. बोटांत चोळला तर कचकच लागली. राख.

तो गाडीखाली पडल्या पडल्या बाजूला पाहू लागला. चाकांच्या मधून अंगण दिसत होतं, ओसरीची पायरी, आणि पायरीवर रुखमाबाईची पावलं. त्या पावलांवर लुगड्याचा लाल काठ.

तो चहा पीत होता तेव्हाच ती इथं आली असणार. तेल टाकायचं तोंड इंजिनच्या बाजूला, चांगलं रुंद. त्यावर नुसतं फडकं झाकलेलं. माणसाच्या कपाळाला लावला तो अंगारा गाडीच्याही पोटात गेला, म्हणजे दोघं बरोबरच उठतील. एवढा साधा विचार. मिस्त्रीनं हातभर लांबून सुपारीचा कण अडवला होता. ही पुडी त्याच्या पाठीमागून गेली.

रुखमाबाई वाकली. चाकामधून तिनं त्याचा हात पाहिला, हातातलं कापड पाहिलं. तिचा हात पदराच्या फाटक्या टोकावर गेला. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण एवढं कळलं, की गाडी कशानं थांबली.

"काय भेटलं भाऊ?" प्रफुल पलीकडून वाकत होता.

श्रावणनं मूठ मिटली.

"चिंधी."

"चिंधी? कोनाची चिंधी?"

"कोनाची राहीन?" श्रावण म्हणाला. "माहीच. मोजताना चुकलो."

कुंपणाबाहेर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुजबुज सुरू झाली, मग एक हसू, मग दुसरं. मिस्त्री चिंधी विसरला! आधी काटा, मंग नारळ, आणि सगळ्याच्या आधी चिंधी! हसणाऱ्यांत आमच्या वॉर्डातले पुढं होते, हे सांगितलंच पाहिजे. प्रफुल हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्याकून असं होईन असं वाटलं नोयतं." ते बोलणं हसण्यापेक्षा लागलं.

श्रावणनं हात पुसले. म्हणाला, "नवं ऑइल आन. अन् फिल्टर. जुनं एक थेंब नाई ठेवाचं." राख आत फिरली असती तर नव्या बेरिंगा वाळूच्या कागदानं घासल्यासारख्या गेल्या असत्या. त्यानं चेंबर धुतलं, जाळी धुतली, पंप खोलून धुतला, तेलाच्या वाटा डिझेलनं आणि हवेनं साफ केल्या. खालून एक बेरिंग उतरवून उजेडात धरून पाहिली. ओरखडा नव्हता. बंद वेळेवर झालं होतं.

दिवस कलला तेव्हा तो थांबला. चेंबरच्या जोडाला लावलेलं पॅकिंग सुकायला वेळ हवा होता, आणि त्याच्या हातांनाही. जाताना नानाजींजवळ गेला. त्यांचे डोळे मिटलेले, छाती मोठ्या कष्टानं वर-खाली. रुखमाबाई त्यांच्या पायाशी बसलेली, खाली मान घालून. श्रावण वाकला. नानाजींच्या कानाशी म्हणाला, "सकाळी, नानाभाऊ." त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

घरी न्हाणीत तो एकच कापड रॉकेलनं, मग साबणानं धूत बसला. कांताबाईनं ते पाहिलं. गावातली बातमी तिच्याकडे त्याच्या आधी पोचली होती, आणि ती दुपारपासून नळावर नवऱ्याच्या वतीनं भांडून आली होती. तिनं कापड ओढून घेतलं, उलटंपालटं केलं.

"हे माह्या लुगड्याचं नाई."

श्रावणनं कापड तिच्या हातून परत घेतलं.

"लाल काठ. मी काठ फाडतो. तुमाले काठवाली चिंधी मी कधी देल्ली? कोनाचं होय हे?"

"कांता, चूप राय."

"चूप काऊन? अख्खं गाव तुमाले हासून राह्यलं..."

"त्या पोराले समजलं तं तो मायले काय म्हनीन?" श्रावण म्हणाला. "बाप उद्या नाई राह्यला तं? जनमभर म्हनीन, बापाले आवाज आयकाचा होता अन् मायनं बंद पाडला. अन् थे बाई तं तसंही सोताले म्हनतच राहीन." त्यानं कापड पिळलं. "माहं काय? मले चिडवतीन. चिडवू दे."

कांताबाईनं ते कापड त्याच्या हातून घेतलं, पुन्हा एकदा धुतलं आणि दोरीवर आपल्या लुगड्याच्या चिंध्यांपासून वेगळं वाळत घातलं.

सकाळी श्रावण नानाजींच्या घराच्या वळणावर आला तेव्हा त्याची पावलं हळू झाली. त्यानं कान दिला. रडण्याचा आवाज नव्हता. मग तो भरभर चालला.

नानाजी होते. डोळे मिटलेले, ओठ कोरडे, पण होते. प्रफुल रात्रभर उशाशी बसून लाल डोळ्यांचा. या वेळी कुंपणाबाहेर कोणी नव्हतं. एकदा फसलेला खेळ पाहायला लोक लवकर उठत नाहीत. श्रावणनं नवं तेल ओतलं आणि तेलाच्या तोंडाचं झाकण लगेच घट्ट फिरवलं. मग खिशातून घडी केलेलं कापड काढून रुखमाबाईच्या हातात ठेवलं. स्वच्छ, सुकलेलं, लाल काठासकट. प्रफुल पाठमोरा होता.

"बाई," तो हळू म्हणाला, "हे आत नाई. बाहेर बांधा. समोर काचाजवळ."

रुखमाबाईनं दोन्ही हातांनी ते कपाळाला लावलं.

परत तीच पद्धत. दांडी ओढून नुसतं फिरवणं. रॉकरांतून तेल. झाकण. केबिन. या वेळी श्रावणनं ओसरीकडे पाहून मान हलवली नाही. सरळ सेल्फ मारला.

इंजिन पकडलं. काटा उठला. अर्ध्याच्या वर गेला, थांबला. श्रावण डोळे न मिटता पाहत राहिला. काल तो जिथून पडला होता ती जागा आली, गेली. काटा उभाच. इंजिन गरम होऊ लागलं तसा बेतानं थोडा खाली आला आणि तिथं स्थिर झाला, बसल्या जागी डोलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. आवाज एका लयीत आला. त्या आवाजानं बाजेची कड थरथरत होती, आणि कडेवर टेकलेली नानाजींची बोटंही.

प्रफुल बापाच्या तोंडाशी कान नेऊन बसला होता. त्यानं मान वर केली आणि गाडीकडे ओरडला, "भाऊ! बाबा विचारून राह्यले... काटा?"

श्रावणनं परत एकदा काट्याकडे पाहिलं. मग तो केबिनच्या खिडकीतून बाहेर वाकला. "उभा हाय, नानाभाऊ!"

नानाजींचे ओठ परत हलले. या वेळी प्रफुलला सांगावं लागलं नाही; रुखमाबाईला ते ओठ वाचता येत होते. ती उठली, गाडीपुढं गेली, आणि मोराच्या खाली दगडावर तिनं नारळ फोडला. पाणी तिच्या पावलांवर सांडलं.

श्रावणनं इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. कामापुरतं हवं होतं त्याहून कितीतरी जास्त. रुखमाबाई घरात गेली आणि चुलीवर भात ठेवला.

नानाजी त्यानंतर काही दिवस होते. प्रफुलनं रजा वाढवली, आणि तो रोज सकाळी गाडी चालू करून द्यायचा, काटा उठेपर्यंत जागचा हलत नसे. खाकी शर्ट उशाशीच राहिला. एका सकाळी गाडी चालू असताना ते गेले. प्रफुलनं इंजिन बंद केलं आणि मागं श्वास ऐकू आला नाही, तेव्हा रुखमाबाईला कळलं.

तेरवी झाल्यावर रुखमाबाई कांताबाईकडे आली, दार लावून बसली, आणि सगळं बोलली. कांताबाईनं तिला पाणी दिलं, आणि "मले काईच माईत नोयतं" असं तोंड करून ऐकलं. मग कांताबाईनं ही गोष्ट फक्त एकीला सांगितली, शपथ घालून. त्या शपथेसकट ती संध्याकाळपर्यंत आख्ख्या वॉर्डात फिरली, फक्त प्रफुलच्या कानावर कोणी घातली नाही. आमच्या वॉर्डाची तीच रीत.

पण मग एक अडचण आली. आता टपरीवर मिस्त्रीला चिंधीवरून कसं चिडवायचं? दोन-चार दिवस कोणी चिडवलं नाही. मिस्त्री यायचा, चहा प्यायचा, सगळे आदबीनं सरकून जागा द्यायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी प्रफुल टपरीवर होता. तो म्हणाला, "काऊन गा, आता मिस्त्रीले चिंधीचं कोनी विचारत नाई?" आणि त्याच्या डोळ्यांत विचार सुरू झालेला दिसला. मिस्त्रीची बशी ओठाशीच थांबली. त्यानं सगळ्यांकडे असं पाहिलं, जसा कधी कोणापुढं हात न पसरणारा माणूस काहीतरी मागतो.

तेव्हा बाकावरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "विचारतो ना! मिस्त्री, चिंध्या मोजल्या का?"

सगळे हसले. प्रफुलही हसला. मिस्त्रीनं बशी ओठाला लावली.

तेव्हापासून ते चालू आहे. प्रफुलनं ऊर्जानगरची नोकरी सोडली नाही, पण तेंदूच्या हंगामात सुटी काढून गाडी धानोऱ्याला नेतो. मोर नव्यानं रंगवला आहे. बसस्टँडसमोरून जाताना तो हॉर्न देतो. समोरच्या काचेशी लाल काठाचं एक कापड हलत असतं. टपरीवरचे सगळे ते पाहतात, मिस्त्रीही पाहतो, आणि गाडी वळणावर जाऊन आवाज विरेपर्यंत कोणी बोलत नाही.

मग कोणीतरी विचारतं.

"मोजल्या," मिस्त्री म्हणतो.